मागें सरणारा बर्फ

ह्या लेखांत 'आम्ही' हें पद वारंवार येईल. तें संपादकी थाटाचें नव्हे, शब्दशः खरें आहे. आम्ही म्हणजे आम्ही उभयतां. एकेचाळीस वर्षें एका छपराखालीं काढल्यानंतर कोणती आठवण कोणाची आणि कोणतें मत कोणाचें, ह्याची वांटणी करणें अवघड होऊन बसतें. जेथें दोघांचें जमलें नाहीं, तेथें मात्र तसें स्पष्ट सांगूं. अशीं ठिकाणें ह्या प्रवासांत एकदोनच आलीं. परंतु तींच महत्त्वाचीं होतीं.

प्रवासाचें मूळ एका अपुऱ्या राहिलेल्या बेतांत आहे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षीं गंगोत्रीस जावयाचें आणि तेथून पायीं गोमुखापर्यंत जाऊन हिमनदी पाहावयाची, असें आमचें ठरलें होतें. गृहिणीनें त्यासाठीं लोंकरीचे हातमोजेही विणून ठेवले होते. त्या वर्षीं हें लिहिणाऱ्याची बदली झाली. 'पुढच्या वर्षीं जाऊं' असें तो म्हणाला. पुढच्या वर्षीं घरांत आजारपण निघालें. मग मुलगा झाला, मग त्याची शाळा, मग घराचें कर्ज. 'पुढच्या वर्षीं' हा शब्द आमच्या घरांत देवघरांतील घंटेइतका नित्याचा होऊन गेला. शेवटीं एक वर्ष असें उजाडलें कीं, सवड होती, पैसाही होता. परंतु डॉक्टरांनीं गृहिणीच्या गुडघ्यांचें छायाचित्र उजेडापुढें धरून मान हलविली. गंगोत्रीपासून गोमुख सुमारें १८ किलोमीटर आहे आणि ती वाट चढत चढत ४,००० मीटरांच्या आसपास जाऊन पोंचते. हातमोजे पुन्हां पेटींत गेले.

मुलगा गेलीं बारा वर्षें नोकरीनिमित्त व्हँकूवरला राहतो. हातमोज्यांची ती कथा त्यानें लहानपणापासून ऐकलेली. एके दिवशीं त्याचा फोन आला : "आईला डोंगर चढावा न लागतां बर्फाची नदी दिसेल अशी जागा मला ठाऊक आहे. तिकिटें काढलीं आहेत. आतां पुढच्या वर्षीं म्हणूं नका." त्याच्या ह्या प्रेमांत आणखीही एक हेतु होता, आणि तो आम्हांस उमगला नाहीं असें नाहीं. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत कृष्णेचा पूर सांगलींत शिरला तेव्हां आमच्या खालच्या मजल्यावर कमरेइतकें पाणी होतें. २०२१ च्या जुलैंत तें पुन्हां अंगणापर्यंत येऊन गेलें. तेव्हांपासून 'घर विका आणि इकडे या' हें त्याचें एकच मागणें आहे. त्यावर आम्ही 'नाहीं' म्हटलें नाहीं आणि 'हो'ही म्हटलें नाहीं. 'बघूं' म्हणत आलों. "सात दिवस बोटीवर निवांत बसा," धक्क्यावर निरोप देतांना तो म्हणाला, "आणि उतराल तेव्हां काय तें मला एकदां सांगा." अशा रीतीनें एक प्रश्न सामानांत घालून आम्ही सहलीस निघालों.

बोट कसली, तें एक तरतें नगरच. दोन हजारांवर उतारू, नाटकगृह, पोहण्याचे हौद, आणि केव्हांही जावें तेव्हां उघडें असणारें भोजनगृह. आमच्या वडिलांच्या पिढीनें कोकणच्या आगबोटीवर वळकटी पसरून आणि शिदोरी सोडून रात्री काढल्या. त्यांचींच आम्ही मुलें. तेव्हां ह्या थाटांत पहिले दोन दिवस आम्हांस चुकून दुसऱ्याच्या लग्नाच्या पंक्तीस बसल्यासारखें वाटत होतें. तिसऱ्या दिवशीं तें वाटेनासें झालें. सुखास माणूस फार लवकर सरावतो.

व्हँकूवरपासून उत्तरेस अलास्काच्या आग्नेय भागापर्यंत बेटांची एक लांबच लांब रांग आहे. तिच्या आडून जाणाऱ्या जलमार्गास 'इनसाइड पॅसेज' म्हणतात. बाहेर महासागर गरजत असतो. आंत मात्र पाणी एखाद्या विशाल कालव्यासारखें शांत. दोहों बाजूंस स्प्रूस आणि हेमलॉक वृक्षांचें गर्द अरण्य अगदीं पाण्यापर्यंत उतरलेलें, आणि त्यावर ढगांच्या चिंध्या अडकलेल्या. ह्या मार्गांत सेमूर नॅरोज नांवाची एक चिंचोळी खिंड आहे. तिच्या पाण्याखालीं जोडशिखरांचा एक खडक होता, आणि त्यानें अनेक गलबतें व शंभरावर माणसें गिळलीं होतीं. समुद्राच्या तळाखालून बोगदा खणून, त्यांत सुमारें १,३०० टन स्फोटक द्रव्य भरून, ५ एप्रिल १९५८ रोजीं तो उडविण्यांत आला. आमची बोट तेथून रात्रीं गेली. आम्ही झोंपेंत होतों. पूर्वींच्या लोकांनीं मोडून ठेवलेले खडक पुढच्यांना बहुधा असेच झोंपेंत ओलांडावयास मिळतात.

ज्याच्या नांवावरून त्या शहराचें नांव पडलें तो जॉर्ज व्हँकूवर १७९२ ते १७९४ असे तीन उन्हाळे ह्या किनाऱ्यावर हिंडत होता. ह्या बाजूनें अटलांटिककडे जाणारी पाण्याची वाट आहे कीं नाहीं, हें त्यास पाहावयाचें होतें. त्याचे लोक लहान होड्या वल्हवीत एकेका खाडींत शिरत, आणि खाडी संपली कीं परत येत. अखेर अशी वाट नाहीं, असा निर्णय त्यानें दिला. तीन वर्षांचें कष्ट घेऊन त्यानें एक 'नाहीं' मिळविलें; परंतु तें निःसंदिग्ध होतें, आणि त्यामुळें पुढच्या नावाड्यांचा भ्रम मिटला. बोटीवरील ग्रंथालयांत हा वृत्तान्त वाचीत असतां गृहिणी म्हणाली, "अहो, ह्याला निदान तीनच वर्षें लागलीं." तिचा रोख आमच्या लक्षांत आला, पण आम्ही पुढचें पान उलटलें.

पहिलें बंदर जूनो. ही अलास्काची राजधानी. वस्ती सुमारें ३२,०००. डोंगर, बर्फ आणि समुद्र ह्यांनीं तिला असें घेरलें आहे कीं, बाहेरच्या जगाशीं तिला जोडणारा रस्ताच नाहीं. यावें तें बोटीनें अथवा विमानानें. १८८० सालीं येथें सोनें सांपडलें आणि गांव वसलें. आज सोन्याचा झरा म्हणजे आमच्यासारखे उतारू. २०२३ च्या उन्हाळ्यांत येथें बोटींतून सोळा लाखांवर माणसें उतरलीं, आणि शेवटीं गांवकऱ्यांनीं कंपन्यांशीं बोलणीं करून २०२४ पासून दिवसास पांचच मोठ्या बोटी, अशी मर्यादा घालून घेतली. गोड्या पाण्याच्या आडावर साऱ्या पंचक्रोशीनें घागरी घेऊन यावें तशी ती गर्दी होती. आमची घागरही त्यांत होती, हें विसरून गर्दीस नांवें ठेवणें बरें नव्हे.

गांवापासून सुमारें १२ मैलांवर मेंडेनहॉल हिमनदी आहे. तिच्या समोर एक प्रेक्षागृह १९६२ सालीं उघडलें. तेव्हां बर्फ खिडकींतून कितीतरी जवळ दिसे. आतां मधें एक विस्तीर्ण तळें पसरलें आहे आणि बर्फ त्याच्या पार दूरच्या कांठाकडे सरला आहे. शंभर वर्षांपूर्वीं तें तळेंच नव्हतें. त्या जागीं हिमनदी होती.

परंतु आमच्या मनांत घर करून राहिली ती निराळीच गोष्ट. ह्या हिमनदीच्या वरच्या अंगास एक बाजूची दरी आहे. तींत पूर्वीं एक लहान हिमनदी उतरत असे. ती आटून गेली आणि मागें खोलगट पोकळी राहिली. पावसाचें आणि वितळलेल्या बर्फाचें पाणी त्या पोकळींत सांठतें. मेंडेनहॉलचा बर्फ त्यास बांधासारखा अडवून धरतो. पाण्याचा भार वाढला कीं तें बर्फाखालून वाट काढतें आणि एकाएकीं खालच्या वस्तीवर येतें. २०११ पासून हा प्रकार सुरू झाला. २०२३ च्या ऑगस्टांत नदीकांठचीं कांहीं घरें ढांसळून प्रवाहांत पडलीं. २०२४ च्या ऑगस्टांत शेंकडों घरांत पाणी शिरलें. आम्हांस घेऊन जाणारी मोटार एक पन्नाशीची बाई चालवीत होती. तिचें घर त्याच वस्तींत. गृहिणीनें तिला मोडक्या इंग्रजींत सांगितलें कीं, आमच्याकडेही ऑगस्टांतच पूर येतो, आणि आपल्या कमरेशीं आडवा हात धरून दाखविला. त्या बाईनें आपला हात गुडघ्याशीं धरला. दोघी हंसल्या. पुराची उंची सांगण्याची ही खूण साऱ्या जगांत एकच असावी. "मग तुम्ही दुसरीकडे कां जात नाहीं?" असें आम्हीं विचारलें. वाळूनें भरलेल्या पेट्यांची भिंत नदीकांठीं उभी केली आहे, असें तिनें सांगितलें. आमच्या प्रश्नाचें तें उत्तर नव्हतें, आणि होतेंही.

दुसऱ्या दिवशीं स्कॅगवे. हजार-बाराशें वस्तीचें हें गांव १८९७-९८ सालीं सोन्याच्या वेडानें धुमसत होतें. पलीकडे कॅनडांत क्लोंडाइक नदीच्या खोऱ्यांत १८९६ च्या ऑगस्टमध्यें सोनें सांपडलें, आणि तेथें जाणारी एक खिंड ह्या गांवावरून जात होती. त्या वाटेवर सुमारें ३,००० घोडे ओझ्याखालीं पडून मेले. पुढें १८९८ ते १९०० ह्या काळांत तेथें तीन फूट रुंदीचा लोहमार्ग बांधला गेला. आपल्या माथेरानच्या दोन फुटी गाडीची ती थोरली बहीण म्हणावी; तशीच वळणें, तसेच कडे, फक्त खालीं करवंदीच्या जाळ्यांऐवजीं बर्फाचें पाणी.

खिंडीच्या माथ्यावर कॅनडाचे पोलीस उभे असत, आणि वर्षभर पुरेल इतकी सामग्री बरोबर असल्यावांचून कोणास आंत सोडीत नसत. पीठ, डाळ, मीठ, हत्यारें मिळून तें ओझें माणशीं सुमारें एक टन भरे. पाठीवरून थोडें थोडें नेत एकच वाट तीसचाळीस वेळां चढावी लागे. गाडींत बसून हें ऐकतांना गृहिणीनें एकदम विचारलें, "आपल्याला एक टन न्यायचें म्हटलें तर काय काय न्याल?" ह्या विषयावर तोंड उघडण्याचा तो पहिला प्रसंग. आम्ही मोजूं लागलों. देव, अर्थात्. पितळी डबे. लिहिणाऱ्याचीं पुस्तकें, त्यांतलीं निम्मीं पुरांत भिजून फुगलेलीं. पाटा-वरवंटा नेण्याविषयीं थोडा वाद झाला. माजघरांतला झोंपाळा कड्यांसकट नेतां येईल असें ठरलें. मग गृहिणी म्हणाली, "आणि पारिजातक?" तेथें मोजणी थांबली. गाडी बोगद्यांत शिरली, तें एका परी बरें झालें.

तिसरा दिवस ग्लेशियर बे ह्या उपसागराचा. ज्यासाठीं आलों तो हाच. १९२५ सालीं ह्या प्रदेशास राष्ट्रीय संरक्षण मिळालें आणि १९८० मध्यें तें राष्ट्रीय उद्यान झालें. दिवसास दोनपेक्षां अधिक मोठ्या बोटी आंत सोडीत नाहींत. सकाळीं उद्यानाचे अधिकारी एका लहान नावेंतून येऊन दोरीच्या शिडीनें बोटीवर चढतात आणि दिवसभर उतारूंस माहिती सांगतात.

ही माहिती ऐकून आम्ही थक्क झालों. १७५० च्या सुमारास हा सारा उपसागर बर्फानें भरलेला होता. १७९४ सालीं व्हँकूवरच्या माणसांनीं पाहिला तेव्हां किनाऱ्यास पडलेली जेमतेम पांच मैलांची ती एक खांच होती आणि तिच्या पाठीमागें बर्फाचा प्रचंड तट. १८७९ मध्यें जॉन म्यूर हा निसर्गपंडित ट्लिंगिट नावाड्यांसह होडींतून आला, तों बर्फ तीस मैलांहून अधिक मागें हटलेला! १९१६ पर्यंत तो मुखापासून सुमारें ६० मैलांवर गेला. ह्यांतील पुष्कळसा प्रवास निसर्गाच्या स्वतःच्या क्रमानें झाला, हें सांगितलें पाहिजे. त्या जुन्या थंडीच्या युगाचा तो उतार होता. परंतु आज अलास्कांतील बहुतेक हिमनद्या ज्या वेगानें झिजत आहेत, त्यांत माणसाच्या धुराचा हात उघड आहे. आमच्या बोटीच्या धुराड्यांतूनही धूर निघत होता. आम्ही तो पाहिला आणि मान फिरविली. फिरविली हें येथें नमूद करतों.

बर्फ गेला तेथें काय होतें, हेंही ह्या उपसागरांत पायरीपायरीनें दिसतें. मुखाशीं, जेथून तो पहिल्यानें हटला, तेथें दाट अरण्य आहे. आंत आंत जावें तशीं झाडें ठेंगणीं होत जातात, मग झुडपें, मग नुसतें शेवाळ, आणि शेवटीं उघडा खडक, जणूं काल घडविलेला. वनस्पतींची ही चढती भाजणी मोजण्यासाठीं विल्यम कूपर ह्या शास्त्रज्ञानें १९१६ मध्यें येथें लहान लहान चौकोन आंखून ठेवले, आणि त्यांचें निरीक्षण अजून चालू आहे. दुसरें एक नवल असें कीं, शतकानुशतकें बर्फाच्या भारानें दबलेली जमीन आतां तो भार उतरल्यामुळें हळूहळू वर येत आहे; कांहीं ठिकाणीं वर्षास सुमारें एक इंच. ओझें उतरल्यावर जमीनसुद्धां श्वास घेते, असें वाटलें.

उद्यानाच्या मंडळींत ट्लिंगिट लोकांपैकीं एक प्रौढ बाई होती. तिनें आपल्या पूर्वजांची कथा सांगितली. ह्या उपसागराच्या जागीं पूर्वीं सपाट भूमि होती, नदी होती, आणि तिच्या लोकांचीं गांवें होतीं. कास्टीन नांवाची एक मुलगी, रीतीप्रमाणें एकांतांत बसविलेली असतां, कंटाळून तिनें दूरच्या हिमनदीस कुत्र्याला बोलवावें तसें बोलाविलें. आणि बर्फ आला. तो धांवत्या कुत्र्यासारखा घरांवर चालून आला. गांव सोडण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. परंतु कोणी तरी मागें राहिलें पाहिजे, असें ठरलें. येथें कथेचीं दोन रूपें आहेत. एकांत ती मुलगीच म्हणते कीं, 'मीं बोलाविलें, मीच राहतें.' दुसऱ्यांत तिची आजी पुढें होते : मुलीच्या पोटीं अजून पिढ्या यावयाच्या आहेत, तिला नेलें पाहिजे, म्हातारीचें काय, ती घरांत बसेल. लोक होड्यांतून निघाले, आणि मागें त्यांना घर बर्फाखालीं जातांना दिसलें. ते पलीकडच्या किनाऱ्यावर हूना येथें जाऊन राहिले. ही कल्पित कहाणी म्हणून सोडून देतां येत नाहीं. अठराव्या शतकांत बर्फ खरोखरच पुढें सरकला होता, आणि हे लोक खरोखरच येथून निघून गेले होते. त्या घटनेस अडीचशें वर्षें होऊन गेल्यावर, २०१६ सालीं, उपसागराच्या मुखाशीं त्यांच्या पूर्वजांचें घर पुन्हां उभारलें गेलें आणि ते होड्या वल्हवीत तेथें परत आले, असें सांगतांना त्या बाईचा आवाज थोडा बदलला.

दुपारीं आम्ही मार्जरी हिमनदीसमोर येऊन थांबलों. सुमारें २१ मैल लांब, मैलभर रुंद. पाण्यावरच तिची उंची २५० फूट. बोटीचीं यंत्रें मंद झालीं आणि दोन हजार माणसें एकाएकीं गप्प झालीं. तो बर्फ पांढरा नव्हता, निळा होता. फार दाबाखालीं घट्ट झालेला बर्फ प्रकाशांतील तांबडा भाग शोषून घेतो आणि निळा तेवढा परत देतो. हें शास्त्र, परंतु डोळ्यांना तें नीळ घातलेल्या धुवट धोतरासारखें, किंवा अगदीं खोल विहिरीच्या तळाशीं दिसणाऱ्या आभाळासारखें दिसलें. शेजारीं ग्रँड पॅसिफिक हिमनदी, दगडमातीनें माखून काळी पडलेली. सांगितल्यावांचून ती बर्फाची आहे हें कळूं नये.

गृहिणीनें पिशवींतून हातमोजे काढले. तेच. चाळीस वर्षांत त्यांना दोन ठिकाणीं कसर लागली होती. तिनें ते घातले, कठड्यावर हात ठेवले, आणि कांहीं बोलली नाहीं. लिहिणाऱ्यासही बोलावयास कांहीं सुचलें नाहीं. 'क्षमा कर' असें म्हणावें, असें मात्र मनांत आलें. इतक्यांत बर्फाच्या तटावरून घरापेक्षां मोठा एक तुकडा निसटला. आधीं तो पडतांना दिसला. आवाज मागाहून आला, डोंगराआड आषाढांतला गडगडाट व्हावा तसा. ट्लिंगिट लोक ह्या आवाजास 'पांढरी मेघगर्जना' म्हणतात. लाट आली, बोट किंचित् हलली, आणि पाण्यावर बर्फाच्या ठिकऱ्या तरंगूं लागल्या. लोकांनीं टाळ्या वाजविल्या. आम्हांस टाळी वाजविणें झालें नाहीं.

आम्ही आमच्या खोलींत परत आलों तों खोली आवरणारा मुलगा तेथें होता. तो वेंगुर्ल्याकडचा. पहिल्याच दिवशीं आमचें बोलणें ऐकून त्यानें 'काका, काकी' अशी हांक मारली होती, आणि तेव्हांपासून सकाळच्या चहांत न मागतां आलें येत असे. बर्फ कसा वाटला, असें त्यानें विचारलें. गृहिणीनें उलट विचारलें, "तूं तर कितीदां पाहिला असशील!" तो हंसला. "सहा उन्हाळे ह्याच मार्गावर आहें, काकी. पण बर्फ मीं बहुतेक ऐकलाच आहे. लोक वर जातात तेव्हांच आम्हांला खोल्या आवरायला सवड." हें ऐकतांच गृहिणीनें त्याच्या हातांतील चादर काढून घेतली आणि त्याला आमच्या सज्जांत नेऊन उभें केलें. "पांच मिनिटें बघ. बिछाना मी घालतें." तो संकोचला, पण उभा राहिला. बोट अजून मार्जरीसमोर हळूहळू वळत होती.

परत आंत येतांना तो आपल्या आईविषयीं बोलला. ती वेंगुर्ल्यास घरीं एकटीच असते. "मडगांवला भाड्याचें घर बघतों, तेथें ये म्हणून किती सांगितलें. येत नाहीं. पहिल्यानें राग यायचा. आतां म्हणतों, बरेंच आहे. आठ महिने मी पाण्यावर असतों. ती तेथून उठली तर परत जायला मला घर कोठलें?" एवढें बोलून तो बादली उचलून पुढच्या खोलीकडे गेला. त्या रात्रीं जून महिन्यांतला उजेड दहा वाजून गेल्यावरही खिडकींत रेंगाळत होता, आणि आम्ही दोघेंही जागीं होतों, हें दोघांनाही ठाऊक होतें.

शेवटचें बंदर केचिकन. तेथें वर्षास सुमारें १५० इंच पाऊस पडतो. आपल्या कोकणांतही पाऊस कमी नाहीं. पण आपला पाऊस चार महिने येऊन मोकळा होतो, तो बारमाही पाहुणा आहे. आम्ही गेलों तेव्हांही पडत होता. येथें एका संग्रहालयांत जुने कोरीव स्तंभ ठेवले आहेत. एकेका कुळाच्या कथा, पूर्वज, गरुड, अस्वल, डोमकावळा, असें सारें देवदाराच्या एका खोडांत कोरलेलें. ते एकोणिसाव्या शतकांतले. ओसाड पडलेल्या गांवांतून आणून १९७६ पासून तेथें सांभाळले आहेत. त्यांस नवा रंग दिलेला नाहीं. भेगा पडलेले, राखाडी झालेले ते तसेच उभे अथवा आडवे आहेत. जुनी रीत अशी कीं, स्तंभ उभा केला कीं तो आपल्या जागीं उभा राहावयाचा, आणि दिवस भरले कीं पडून मातींत जावयाचा.

येथें आमचा मतभेद झाला. लिहिणारा म्हणाला कीं, आणले हें उत्तम केलें; नाहीं तर आज पाहावयास काय उरतें? गृहिणी म्हणाली, "उरलें तें लांकूड. ज्या गांवाचा तो होता, तें गांव त्याच्याभोंवतीं नाहीं." लिहिणारा म्हणाला, "मग बर्फाखालीं बसलेल्या त्या म्हातारीचें तुला पटतें?" ती बराच वेळ पावसाकडे पाहत होती. मग म्हणाली, "ती हट्टानें बसली नव्हती. मुलीला जातां यावें म्हणून बसली. आपण त्याच्या पायांत राहिलों, 'बघूं, बघूं' करीत. त्याला धड आपलें तिकडचें घर मनापासून करतां येत नाहीं, आणि धड आपली वाट बघणें सोडतां येत नाहीं. गोमुखाचें माझें काय गेलें, तें मला ठाऊक आहे. तुम्ही नाहीं म्हटलें असतें, तर मी माझ्या भावाबरोबर जाऊन आलें असतें. तुम्ही 'पुढच्या वर्षीं' म्हणालांत."

एकेचाळीस वर्षांत हें वाक्य ती प्रथमच बोलली. त्यांत राग नव्हता, म्हणून तें अधिक लागलें. आम्ही छत्री उघडून बाहेर पडलों आणि ओल्या लांकडी पुलावरून धक्क्यापर्यंत चालत आलों. तेवढ्या वाटेंत उत्तर ठरलें. त्यासाठीं वाद करावा लागला नाहीं.

परतीच्या दिवशीं दूरवर देवमाशांचे फवारे दिसले. हे हिंवाळ्यांत हवाईकडे जातात, तेथें पिलें होतात. आणि उन्हाळ्यांत हजारों मैल पोहून पोट भरण्यास पुन्हां ह्या थंड पाण्यांत येतात. घर ह्यांतलें कोणतें, असा प्रश्न त्यांस पडत नसावा.

व्हँकूवरच्या धक्क्यावर मुलगा गाडी घेऊन आला होता. त्यानें लगेच विचारलें नाहीं. गाडी रस्त्यास लागल्यावर आम्हींच सांगितलें : आम्ही इकडे राहावयास येणार नाहीं. घर विकणार नाहीं. पाणी आलें तर वर जाऊं. फार आलें तर चार दिवस उठून दुसरीकडे जाऊं आणि ओसरल्यावर परत येऊं. गुडघे आहेत तोंवर दर वर्षीं भेटीस येऊं, पण राहावयास नाहीं. तूं इकडे घर केलेंस ह्याचा आम्हांस राग नाहीं, दुःखही आतां नाहीं. तूं मागें पाहूं नकोस. आणि आलास तर कोठें यावयाचें, तें तुला ठाऊक आहे.

तो कितीतरी वेळ बोलला नाहीं. एका चौकांत तांबडा दिवा लागला, गाडी थांबली, तेव्हां त्यानें दीर्घ श्वास टाकला. आम्हांस वाटलें, आतां वाद घालील. तो म्हणाला, "मग खालच्या भिंतींची ओल एकदां नीट काढून घेतली पाहिजे. देवघर आणि वीजेची पेटी वरच्या मजल्यावर न्यायची. मी डिसेंबरांत येतों."

"कोणत्या डिसेंबरांत?" गृहिणीनें मागच्या आसनावरून विचारलें.

"ह्याच, आई," तो हंसून म्हणाला, "ह्याच."